पियानो शिकायचाय? शिकवणी लावण्याआधी आणि लावल्यानंतर

"आता या वयात जमेल का हो?" असं चाळिशीतला माणूस विचारतो, साठी उलटलेलाही विचारतो. पाच वर्षांच्या मुलाचे आईवडील तोच प्रश्न दुसऱ्या टोकाने विचारतात, "एवढ्यात घातलं तर चालेल ना?" बहुतेक वेळा दोघांनाही मी होच म्हणते, कारण घोडं वयावर अडत नाही. शिकवणी आठवड्यातून एकदा, अर्धा-पाऊण तास. मधले सहा दिवस वाद्यासमोर तुम्ही एकटे असता. त्या सहा दिवसांत काय करायचं हे ज्याला कळतं तो कुठल्याही वयात पुढे सरकतो. ज्याला कळत नाही तो चांगल्या शिक्षकाकडे जाऊनही महिनोन् महिने त्याच पानावर घुटमळतो. त्यामुळे वाद्य घेताना, शिक्षक निवडताना, परीक्षेला बसावं की नाही हे ठरवताना एकच बघा: याने माझा घरचा सराव सुधारेल का?

शिक्षक शेजारीच का हवा

पियानो समोरासमोर बसूनच शिकवला जात आलाय. संगीतकार बेथोव्हनने चेर्नीला शिकवलं, आणि चेर्नीने पुढे पियानोवादक म्हणून गाजलेल्या फ्रान्झ लिस्टला. पियानोसाठीच लिहिणारा संगीतकार शोपाँ, त्याचं पॅरिसमधलं घर मैफलींपेक्षा खासगी शिकवण्यांवर चाललं. पियानोवरची चूक बऱ्याचदा ऐकू येण्याआधी शरीरात दिसते. सूर बरोबर वाजतो, पण खांदा कानाकडे चढलेला असतो, मनगट ताठ झालेलं असतं, करंगळी आडवी पडलेली असते, अवघड जागा जवळ आली की श्वास रोखलेला असतो. मोबाइलमधलं ॲप फार तर पट्टी बरोबर होती आणि वेळेवर वाजली एवढं सांगेल. तुम्ही इथे अडखळताय याचं कारण पाच सूर आधी लावलेलं चुकीचं बोट आहे, हे शेजारी बसलेल्या माणसालाच दिसतं.

लहान मुलांचे गटवर्ग वाईट असतात असं नाही. टाळ्या वाजवून ताल धरायला, एकत्र गायला मजा येते आणि कानही तयार होतो. पण हाताची घडण गटात होत नाही.

आधी वाद्य, मग शिकवणी

घरी वाद्य नसताना शिकवणी लावायची आणि "आवड दिसली तर बघू" म्हणायचं, हा बेत मला पटत नाही. सरावच नसेल तर आवड दिसणार कशी?

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. सुरुवातीला त्यातल्या निम्म्याही लागत नाहीत, त्यामुळे आकड्यापेक्षा पट्टीचं वजन महत्त्वाचं. पियानोची पट्टी दाबली की आतली हातोडी तारेकडे फेकली जाते, तार वाजवते आणि मागे येते. तारेवर आपटण्याच्या जरा आधीच तिचा पट्टीशी संबंध सुटलेला असतो. म्हणजे पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर सूर हळू की जोरात हे ठरून गेलं. त्यानंतर बोटाने कितीही रेटलं तरी त्या सुरात काही वाढत नाही. पेटी वाजवणाऱ्यांना हे आवर्जून सांगावं लागतं. त्यांना पट्ट्यांची जागा आयती ठाऊक असते, पण पेटीत आवाजाचा जोर भात्यातून येतो, बोटातून नाही. १७०० च्या सुमारास इटलीत बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हातोडीची ही रचना केली ती यासाठीच. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यात तार छेडली जायची आणि बोटाच्या स्पर्शाने आवाज कमी-जास्त करायला फारसा वाव नव्हता.

म्हणून डिजिटल पियानो घेताना तीन गोष्टी बघा: ८८ पट्ट्या, हातोडीसारखं वजन असलेली पट्टी, आणि न सरकणारं पेडल. शेकड्याने आवाज, तयार ताल, लुकलुकणारे दिवे यांचा शिकण्याशी काही संबंध नाही. हलक्या पट्ट्यांचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घरात आधीच असेल तर पहिले दोन-तीन महिने त्यावर निभेल, मात्र बोटाच्या दाबाप्रमाणे त्याचा आवाज बदलायला हवा. तेवढंही नसेल तर शिक्षक "इथे हळुवार" म्हणतील आणि घरी ते करायला जागाच नसेल. जुना तारांचा पियानो मिळत असेल तर पैसे देण्याआधी पियानो दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवा. ट्यूनिंग कधीही करून घेता येतं, पण तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या सैल झाल्या असतील तर ट्यूनिंग टिकत नाही आणि खर्च आवाक्याबाहेर जातो.

बैठकीकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. जेवणाची खुर्ची चालत नाही. उंची अशी हवी की बोटं पट्ट्यांवर ठेवल्यावर कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीत येईल. बाकाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा आणि पावलं जमिनीवर टेकवा. मुलांचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा ठोकळा द्या. लोंबकळत्या पायांनी बसलेलं मूल तोल सांभाळण्यासाठी पाठ आणि खांदे आखडून घेतं, आणि आपण उगाच "हात सैल सोड" म्हणून त्याच्या मागे लागतो.

शिक्षक निवडताना

उत्तम वाजवणारा उत्तम शिकवेलच असं नाही. एक चाचणीची शिकवणी मागा आणि त्यात एवढं बघा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत तुमचे हात पट्ट्यांवर गेले का? तुम्ही चुकलात तेव्हा शिक्षकाने नुसतं "पुन्हा" म्हटलं, की चूक कुठून आली हे शोधलं? आणि निघताना घरी काय करायचं ते वहीत लिहून दिलं का? "हा धडा पक्का करून या" हा गृहपाठ झाला नाही. "पाचव्या ते आठव्या बारपर्यंत डावा हात एकटा, सावकाश, तिसरं बोट 'जी' सुरावर" हा झाला (बार म्हणजे पानावरच्या दोन उभ्या रेघांमधला तुकडा). दोन्ही प्रकारचे शिक्षक गोड बोलणारे असतील, पण असं नेमकं लिहून देणाऱ्याकडे जा.

पैशांचं आणि रजांचं पहिल्याच दिवशी बोलून घ्या. फी महिन्याची की तासाची, बुडलेली शिकवणी भरून मिळते का, किती आधी कळवायचं. यात संकोच करण्यासारखं काही नाही. नंतरची कडवट बोलणी टळतात.

वय पाहून काय बदलतं

पाच-सहा वर्षांच्या मुलाला अर्धा तास पुष्कळ झाला, आणि त्यातही चार वेळा विषय बदलावा लागतो. या वयात पालकांपैकी कुणीतरी शिकवणीला शेजारी बसावं, कारण घरचा सराव त्यांनाच घ्यायचा असतो. त्यांना वाजवता यायला हवं असं मुळीच नाही. वहीत काय लिहिलंय ते वाचता आलं आणि दहा मिनिटं शेजारी शांत बसता आलं की झालं. तेवढ्या वेळात स्वतःचा फोन बाजूला ठेवणं बऱ्याच जणांना जड जातं, पण मूल ते बरोबर टिपतं.

बारा-तेरापासून पुढे गाणी निवडण्यात मुलांचा वाटा हवाच. त्यांना आवडणारं एखादं गाणं सोपं करून बसवलं तर शिक्षकाच्या शास्त्रोक्त धड्याचंही भलं होतं.

मोठ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना सांगितलेलं चटकन कळतं, आणि नेमका तिथेच त्रास सुरू होतो. डोक्याला कळलं म्हणजे बोटांना आलं असं नसतं. बोटांना त्यांचा वेळ लागतो, आणि कामाधंद्यात मुरलेल्या माणसाला एखाद्या गोष्टीत इतकं कच्चं असणं सहन होत नाही. तो चुकला की माफी मागतो! शिकवणीत माफी मागायची नाही, एवढा एक नियम मी मोठ्या विद्यार्थ्यांना घालून देते. साठीनंतर सुरू करणाऱ्यांनी ठळक, मोठ्या छपाईचं पान मागून घ्यावं, चष्म्याचा नंबर पानाच्या अंतराला जुळतोय का बघावं, आणि सांधे आखडत असतील तर शिक्षकाला आधीच सांगावं. ताणून लांब पल्ला गाठण्याऐवजी सूर वाटून घेता येतात, बोटं बदलून देता येतात. ती सोय शिक्षकाने करायची असते, तुम्ही दुखणं सोसायचं नसतं. दुखलं की थांबायचं, हा नियम तर सगळ्याच वयांना लागू. सरावाने थकवा येतो, दुखणं येता कामा नये.

पहिला महिना

पांढऱ्या पट्ट्यांना 'ए' ते 'जी' अशी सात अक्षरांची नावं असतात आणि ती पुन्हा पुन्हा येतात. त्या ओळखायला काळ्यांची मदत घ्या. काळ्या पट्ट्या दोन-दोन आणि तीन-तीनच्या गटांत बसलेल्या असतात. दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे 'सी', तीनच्या गटाच्या लगेच डावीकडची 'एफ'. एवढं पक्कं झालं की कुठलीही पट्टी शोधता येते, आणि पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर चिकटवायची गरज उरत नाही. स्टिकर मला अजिबात आवडत नाहीत. डोळे पानावरून खाली जातात ते परत वर येत नाहीत.

बोटांना आकडे असतात. दोन्ही हातांचा अंगठा १ आणि करंगळी ५. पानावर सुरांच्या वरखाली छापलेले हे छोटे आकडे म्हणजे सूचना असतात, पाळायच्या असतात. आज दुसऱ्या बोटाने, उद्या तिसऱ्या बोटाने वाजवलं तर बोटांच्या दृष्टीने ते दोन वेगळे धडे होतात आणि एकही पाठ होत नाही.

वाचन पहिल्या आठवड्यापासून सुरू व्हावं, पण सगळे सूर घोकून नव्हे. दोन-तीन खुणा पक्क्या करा. पियानोच्या पानावर पाच-पाच ओळींचे दोन संच असतात, एकाखाली एक. मधला 'सी' (पियानोच्या साधारण मधोमध असलेला) हा वरच्या पाच ओळींच्या खाली आणि खालच्या पाच ओळींच्या वर, स्वतःच्या छोट्या रेघेवर बसतो. वरच्या ओळींच्या सुरुवातीला असलेल्या चिन्हाचा वेटोळा ज्या ओळीभोवती फिरतो ती ओळ 'जी'ची, आणि खालच्या ओळींच्या चिन्हाचे दोन ठिपके ज्या ओळीच्या वर-खाली असतात ती 'एफ'ची. बाकीचे सूर या खुणांपासून किती पायऱ्या वर किंवा खाली आहेत ते बघून वाचायचे. सराईत वाजवणाराही असंच आकार बघून वाचतो, एकेक अक्षर लावत बसत नाही.

सरगमीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे पुष्कळ लोक विनाकारण हैराण होतात. सी मेजर, म्हणजे 'सी'पासून पुढच्या 'सी'पर्यंत फक्त पांढऱ्या पट्ट्यांची सरगम, उजव्या हाताने चढताना बोटं अशी: १-२-३, मग अंगठा खालून घेऊन १-२-३-४-५. डाव्या हाताने चढताना ५-४-३-२-१, मग तिसरं बोट वरून घेऊन ३-२-१. आता दोन्ही हात एका दिशेने एकत्र चालवले की उजव्याचा अंगठा 'एफ'वर खालून जातो आणि डाव्याचं तिसरं बोट 'ए'वर वरून येतं. वळणं वेगवेगळ्या जागी आल्यामुळे घोटाळा होतो. त्याऐवजी दोन्ही अंगठे मधल्या 'सी'वर ठेवून हात एकमेकांपासून लांब न्या. दोन्हीकडे एकाच वेळी १-२-३-१-२-३-४-५, तीच बोटं, तीच वळणं. पहिल्याच बैठकीत जमतं. हे अंगवळणी पडलं की एका दिशेच्या सरगमीकडे या आणि एकच खूण धरा: 'ई' आणि 'ए' या दोन सुरांवर दोन्ही हातांची तिसरी बोटं एकत्र पडतात. ती दोन ठाणी सापडली की मधला रस्ता आपोआप लागतो.

शोपाँ विद्यार्थ्यांना सी मेजरऐवजी 'बी'पासूनची बी मेजर सरगम आधी शिकवायचा, कारण तिथे लांब बोटं उंचावरच्या काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा पांढरीवर असा हात नैसर्गिकपणे बसतो. वाचायला ती अवघड, हाताला सोपी. शिक्षक तयार असतील तर न वाचता, नुसती बघून करून बघा.

घरचा सराव

रोज वीस मिनिटं ही रविवारच्या अडीच तासांपेक्षा जास्त कामाची. त्यातली दोन-तीन मिनिटं सरगम. मग दहा मिनिटं अवघड जागेवर, आणि फक्त तिच्यावरच. मग दोन-तीन मिनिटं कधीही न पाहिलेलं, तुमच्या पातळीपेक्षा बरंच सोपं काहीतरी पानावरून सरळ वाजवायचं, चुकलं तरी न थांबता. शेवटी आधीच बसलेलं, आवडीचं काहीतरी. हे शेवटचं गाळू नका, नाहीतर पियानो म्हणजे कायम न जमणारी गोष्ट असं मनात बसतं.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो दर वेळी पहिल्या सुरापासून सुरू करण्यात. पहिली ओळ वाजते, दुसरी वाजते, तिसरीत अडखळतो, "अरे!" म्हणून परत पहिलीपासून. महिनाभर असं केलं की पहिली ओळ सुरेख होते, तिसरी होती तशीच राहते, आणि वरून अडखळणंही पाठ होतं. त्याऐवजी अडखळण्याची नेमकी जागा पेन्सिलीने घेरा. ती बहुधा चार-पाच सुरांपेक्षा मोठी नसते. मग असं करा. आधी ज्या हाताचा गोंधळ होतोय तो एकटा वाजवा, इतका सावकाश की चूक होऊच शकणार नाही. तो वेग तुम्हाला हास्यास्पद वाटेल, वाटू द्या. मग त्या तुकड्याच्या शेवटच्या सुरावरून पुढच्या बारच्या पहिल्या सुरावर जाणं, एवढंच चार-पाच वेळा. बरेच तुकडे आतून बरोबर असतात आणि सांध्यावर मोडतात. मग दोन्ही हात, पुन्हा तसेच सावकाश. मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र) यानंतर लावा, आणि ओळीने तीनदा स्वच्छ वाजलं तरच काटा थोडा पुढे सरकवा.

धडा पाठ करायचा असेल तर शेवटचा तुकडा आधी बसवा, मग त्याच्या आधीचा. वाजवत पुढे जाताना तुम्ही अनोळखीकडून ओळखीच्या जागेकडे जाता, आणि मन घाबरं होत नाही.

फोनवर रेकॉर्ड करा. वाजवताना कान अर्धे बंद असतात. ऐकताना कळतं की आपण सोप्या जागी धावतो आणि अवघड जागी रेंगाळतो. शिकवणीची पहिली पाच मिनिटं शिक्षक हेच सांगण्यात घालवणार असतील, तर ते तुम्ही घरीच ऐकलेलं बरं.

पेडल मात्र घाईने घेऊ नका. उजवं पेडल दाबलं की तारांवरचे दाबक उचलले जातात आणि सूर वाजत राहतात. नवशिक्याला तो भरलेला आवाज फार आवडतो, आणि त्याखाली बोटांची सगळी कच्ची कामं झाकली जातात. शिकायचं तेव्हा असं: नवा कॉर्ड (एकत्र वाजवलेले काही सूर) वाजतो त्याच क्षणी पाय वर, आणि लगेच पुन्हा खाली. हात खाली जाताना पाय वर येतो, हे शरीराला सुरुवातीला उलटं वाटतं. दोनच कॉर्ड घेऊन, डोळे मिटून, ऐकत करा. जुना कॉर्ड नव्यात मिसळून गढूळ झाला की पाय उशिरा उठला.

परीक्षा द्याव्यात का

एबीआरएसएम (स्थापना १८८९) आणि ट्रिनिटी कॉलेज लंडन या संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या दोन ब्रिटिश मंडळांच्या श्रेणी जगभर चालतात, सुरुवातीच्या इनिशियलनंतर पहिलीपासून आठवीपर्यंत. एबीआरएसएमच्या प्रात्यक्षिकात तीन रचना, सरगमी, न पाहिलेलं वाचून वाजवणं आणि कानाची चाचणी असते, आणि सहावीपासून पुढे जायचं तर पाचवीची थिअरी (संगीतलेखन आणि नियमांची वेगळी परीक्षा) किंवा तिच्या तोडीचं काही उत्तीर्ण असावं लागतं. ज्यांना तारीख दिल्याशिवाय कामच होत नाही त्यांना परीक्षा मानवते. पण वर्षभर फक्त तीन रचना घोटायच्या, मग पुढच्या श्रेणीच्या तीन, असा क्रम लागला तर चौथ्या श्रेणीचं मूल नवं सोपं गाणंही पानावरून वाजवू शकत नाही. एका परीक्षेनंतर निदान काही महिने मोकळं, भरपूर आणि सोपं वाजवू देणारा शिक्षक निवडा. मोठ्यांना परीक्षेची गरज क्वचितच असते. दोन-चार मित्रांसमोर वाजवण्याचा दिवस ठरवला तरी तेवढीच धडकी भरते.

ऑनलाइन शिकवणी

जमते, थोडी तयारी केली तर. कॅमेरा चेहऱ्यावर नको, बाजूने आणि किंचित वरून लावा, म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंतचा हात दिसेल. कॉलच्या सेटिंगमध्ये नको असलेला आवाज गाळण्याची सोय बंद करा, नाहीतर लांब धरलेले सूर मध्येच गायब होतात. आवाज पोचायला वेळ लागत असल्यामुळे दोघांनी एकत्र वाजवणं होत नाही. लहान मुलांना आणि अगदी नवख्यांना मी पहिले काही महिने तरी प्रत्यक्षच शिकायला सांगते, कारण मनगट किती ताठ आहे हे पडद्यावर नीट कळत नाही.

गाडी अडते तेव्हा

सहाएक महिन्यांनी, दोन्ही हात वेगवेगळं करू लागतात तेव्हा, प्रगती थांबल्यासारखी वाटते. अशा वेळी शिक्षक बदलण्याआधी धड्यांची पातळी एक पायरी खाली आणून बघा. सोपं पण नवं असं पुष्कळ वाजवलं की वाचन सुटतं आणि अडलेला धडाही हलतो. तरीही प्रत्येक शिकवणीतून तुम्ही "काय चुकलं" घेऊन येत असाल आणि "घरी काय करू" कधीच मिळत नसेल, तर सरळ सांगून शिक्षक बदला.

आणि आठवडा घाईगडबडीत गेला, वाद्याला हातही लागला नाही, तर शिकवणी रद्द करू नका. जा आणि आल्या आल्या सांगून टाका. धडा वाजवून दाखवायचाच नाही. पेन्सिलीने घेरलेली ती जागा काढा आणि शिक्षकासमोर अर्धा तास तसाच सराव करा जसा घरी करता, त्यांनी फक्त बघायचं आणि जिथे तुम्ही सवयीने पहिल्या सुराकडे पळाल तिथे थांबवायचं.